स्पेनमधील दुपार

स्पेन देशांत नव्यानें उतरलेल्या प्रवाशाची पहिली कुचंबणा घड्याळ करितें. बारा वाजले म्हणून तो भोजनगृहाच्या दाराशीं जातो, तों आंत टेबलेंसुद्धां मांडलेलीं नसतात. लोक जेवावयास येऊं लागतात ते दोन वाजल्यावर. जेवण उरकून कांहीं खरेदी करावी म्हणून तो बाजारांत शिरतो, तर निम्मीं दुकानें बंद! सकाळीं दहाच्या सुमारास उघडलेलें लहान दुकान दुपारीं दोन वाजतां मिटतें, पांच वाजतां पुन्हा उघडतें आणि मग रात्रीं साडेआठपर्यंत चालतें. बँकांचा व्यवहार बहुधा दोनपर्यंतच आटोपतो. आठ वाजतां भूक लागून पुनः भोजनगृहाकडे वळावें, तर तेथें रात्रीच्या पंक्तीस नऊ वाजल्याशिवाय आरंभ नाहीं. दोन दिवस असे हाल झाले कीं प्रवासी निकाल देऊन मोकळा होतो : हे लोक आळशी आहेत, यांना दुपारची झोप फार प्रिय आहे.

हा निकाल उत्तर युरोपांतील प्रवाशांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिलेला आहे. तो कितपत न्याय्य आहे हें पाहावयाचें, तर स्पॅनिश मनुष्याच्या स्वभावापेक्षां त्याच्या घड्याळाची चौकशी आधीं केली पाहिजे.

दुपारच्या विसाव्यास स्पॅनिश भाषेंत ‘सिएस्ता’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘सेक्स्टा’, म्हणजे सहावी, यापासून आला. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग करीत; त्यांतली सहावी वेळ म्हणजे माध्यान्ह. आपल्या पंचांगांतील घटकाहि सूर्योदयापासूनच मोजल्या जातात, त्यामुळें ही कल्पना आपणांस परकी वाटूं नये. विसाव्याची वेळ सूर्यावरून ठरे, यंत्रावरून नव्हे.

पुढें आगगाड्या आल्या आणि गांवोगांवच्या निरनिराळ्या वेळा अडचणीच्या होऊं लागल्या. १ जानेवारी १९०१ पासून स्पेननें ग्रिनिचची वेळ स्वीकारली. ही निवड निसर्गास धरूनच होती. कारण ग्रिनिचचें रेखावृत्त स्पेनच्याच पूर्व भागांतून, कास्तेयोन शहराजवळून जातें, आणि माद्रिदचा सूर्य त्या वेळेच्या मागें असतो तो अवघा पाव तास.

हा मेळ एका रात्रींत मोडला. यादवी युद्ध १९३९ सालीं संपून जनरल फ्रँको सत्तेवर आला होता. १६ मार्च १९४० या दिवशीं, शनिवारीं, रात्रीं अकरा वाजतां सर्व घड्याळांचे कांटे एकदम बारावर नेण्यांत आले. इतर युरोपीय देशांशीं वेळ जुळावी, हें कारण हुकुमांत दिलेलें होतें. हिटलरला खूष करण्यासाठीं फ्रँकोनें हें केलें, असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें. पण ब्रिटन आणि फ्रान्स या हिटलरच्या शत्रूंनींहि त्याच वर्षीं फेब्रुवारींत आपलीं घड्याळें तासभर पुढें केलीं होतीं, ही गोष्ट सांगणारे विसरतात. खरी मौज पुढेंच आहे. पूर्वीची वेळ केव्हां परत आणावयाची तें मागाहून कळविण्यांत येईल, असें त्या हुकुमांत म्हटलें होतें. तें कळविणें अद्यापि झालेलें नाहीं!

आतां श्रोत्यांनीं थोडें गणित करावें. उन्हाळ्यांत घड्याळ आणखी एक तास पुढें असतें. म्हणजे माद्रिदमध्यें सूर्य डोक्यावर येतो तेव्हां घड्याळांत सव्वादोन वाजून गेलेले असतात. अडीच वाजतां पानावर बसणारा मनुष्य वास्तविक माध्यान्हींच जेवीत असतो. अगदीं पश्चिमेकडील व्हिगो बंदरांत जून महिन्यांत सूर्यास्तच मुळीं रात्रीं दहानंतर होतो. तेथें नऊ वाजतां जेवणाराला उशीर झाला असें कोणीं म्हणावें? हुकुमानें कांटे फिरले, पण पोटानें आपली वेळ सोडली नाहीं.

सगळें खापर घड्याळावर फोडणें मात्र बरोबर होणार नाहीं. दुसरें कारण दारिद्र्याचें आहे. यादवीनंतर देश उपाशी होता. शिधावांटप १९५२ पर्यंत चाललें. एका पगारांत घर चालेना, म्हणून पुष्कळ गृहस्थ सकाळीं एक व सायंकाळीं दुसरी अशा दोन नोकऱ्या करीत. मधल्या वेळांत घरीं येऊन जेवावयाचें, क्षणभर पाठ टेकावयाची व पुन्हा बाहेर पडावयाचें. प्रवाशास जो आळस दिसला, त्याच्या पाठीशीं कित्येक घरांत ही ओढाताण होती.

ती आजहि पुरती मिटलेली नाहीं. नोकऱ्या बदलल्या, शहरें वाढलीं, पण दिवसाचे ते दोन तुकडे पुष्कळांच्या वांट्यास तसेच राहिले. माद्रिद किंवा बार्सिलोनासारख्या शहरांत राहणारा नोकरदार दुपारच्या सुटींत घर गांठूं शकत नाहीं; झोप तर दूरच. तो कामावरून सुटतो मात्र सायंकाळीं सात-आठ वाजतां, आणि मुलांची झोप तितकीच लांबते. २०१३ सालीं स्पॅनिश संसदेच्या एका समितीनें ग्रिनिचच्या वेळेकडे परत जाण्याची शिफारस केली. २०१६ सालीं पंतप्रधान राहोय यांनीं कामाचा दिवस सहा वाजतां संपावा असें सुचविलें. दोन्ही गोष्टी कागदावर राहिल्या. आपल्या मुंबईनें १९०६ सालीं सुरू झालेल्या हिंदी प्रमाणवेळेशीं अवघ्या ३९ मिनिटांसाठीं भांडण मांडलें आणि स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकविली. हुकूमशाहीखालीं असलेल्या स्पेनला तशी सवलत नव्हती.

दुकानांच्या बाबतींत मात्र बदल झाला आहे. माद्रिद प्रांतांत २०१२ पासून दुकानदारास कोणत्याहि दिवशीं व कोणत्याहि वेळीं दुकान उघडें ठेवण्याची मोकळीक आहे, आणि मोठीं भांडारें दुपारीं मिटत नाहींत. लहान गांवीं जुनीच रीत चालते. ऑगस्टमध्यें तर मालक सहकुटुंब गांवीं गेल्याची चिठ्ठी दारावर लावून दुकान आठवडेच्या आठवडे बंद असतें. औषधें किंवा बुटांची दुरुस्ती असलीं कामें प्रवाशानें सकाळींच उरकून घ्यावींत हें बरें.

स्पेनच्या ताब्यांतील कॅनरी बेटें आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ आहेत. त्यांचें घड्याळ १९२२ पासून माद्रिदच्या एक तास मागें ठेवलेलें आहे. १९४० सालीं दोन्हीकडचे कांटे सारखेच पुढें सरकले आणि माद्रिदनें सोडलेली ग्रिनिचची वेळ आपोआप त्या बेटांकडे गेली. स्पॅनिश नभोवाणीवर वेळ सांगतांना निवेदक आजहि पुस्ती जोडतो : “कॅनरी बेटांत एक तास कमी.”