देवगिरी, शर्विलक आणि कुलूप

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत देवगिरी लागतो. लेण्यांच्या घाईत बहुतेक सहली तो परतीवर ठेवतात आणि मग अंधार पडत आल्यामुळे तो राहूनच जातो. कुलूप ही वस्तू समजून घ्यायची असेल, तर मात्र वेरूळच्या आधी इथेच उतरावे.

एकामागून एक तट, दारांवर हत्तीच्या धडकेसाठी बसवलेले अणकुचीदार खिळे, पुढे तासून उभा केलेला कडा, त्याभोवती खंदक, आणि नंतर डोंगराच्या पोटातून वर चढणारी काळोखी वाट, जिला ‘अंधारी’ म्हणतात. तिच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठेवून निखारे पेटवण्याची सोय होती. यांतला कोणताही अडथळा एकेकटा अजिंक्य नाही. शत्रूला ते सगळे ओळीने पार करावे लागतात, यातच त्यांचे बळ आहे.

कुलपाचे बळही असेच असते. आजच्या दारांच्या अनेक कुलपांत एक फिरता गाभा असतो आणि त्यात स्प्रिंगने दाबलेल्या खिट्ट्यांची रांग. प्रत्येक खिट्टी वेगवेगळ्या उंचीवर दुभंगलेली असते. किल्ली नसताना खिट्ट्या अर्ध्या गाभ्यात, अर्ध्या बाहेरच्या कवचात अडकून राहतात आणि गाभा फिरत नाही. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक खिट्टी नेमकी तिच्या दुभंगापर्यंत उचलतात. म्हणजे किल्ली हा त्या उंचींचा धातूत कोरलेला पाठच होय. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत हेच तत्त्व होते. १८६०च्या दशकात अमेरिकेतील धाकट्या लायनस येलने त्याला आजचे रूप दिले.

आता किल्लीवाचून उघडणे. पाच छिद्रे अगदी एका रेषेत पाडणे कोणाही कारागिराला साधत नाही. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला, की सगळ्या खिट्ट्या एकदम घट्ट होत नाहीत. आधी एकच होते. वाकड्या तारेने ती योग्य उंचीवर नेली, की गाभा केसभर सरकतो आणि दुसरी घट्ट होते. जे कोडे एकदम सुटायला हवे होते, ते असे तुकड्यातुकड्याने सुटते. ताकदीचे यात काम नाही; बोटांना सूक्ष्म फरक कळावा लागतो.

देवगिरीचे कोडे मात्र कोणी असे सोडवत बसले नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला, तेव्हा रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होते. किल्ल्यात धान्य म्हणून नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. १६३३ मध्ये महाबतखानाने बाहेरच्या तटांना सुरुंग लावले, पण किल्ला पडला तो उपासमारीने. अंधारीतून चढून जाण्याची वेळच आली नाही.

हे शूद्रकाला ठाऊक होते, असे मला वाटते. ‘मृच्छकटिका’त शर्विलक आपल्या जानव्याचे उपयोग मोजतो, त्यांत यंत्राने बंद केलेले दार उघडणे हाही एक आहे. म्हणजे कुलूप उघडण्याची विद्या त्याच्याजवळ आहे. तरी चारुदत्ताच्या घरात तो शिरतो भिंत फोडून, आणि भगदाडाचा आकार कोणता असावा यावर एखाद्या कलावंतासारखा विचार करतो. चोरीला जातात ते वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले दागिने. चारुदत्ताला खरी चिंता दागिन्यांची नाही. दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, ही आहे. त्या भीतीपुढे कुठलीही कडी अपुरीच. आपल्या वर्गांत या अंकातील विनोदावर भरपूर बोलले जाते, या भीतीवर फारसे नाही.

विश्वासाचाच प्रश्न १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी वेगळ्या रूपात उभा राहिला. आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने चब यांचे नामांकित कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडले. हे कुलूप असे, की खिटी गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर ते अडकावे आणि मालकाला छेडछाड कळावी. हॉब्जने त्याच सोयीचा आधार घेतला. चोर पकडण्यासाठी बसवलेला भागच त्याला वाट दाखवू लागला. पुढे ब्रामा यांचे, उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केलेले कुलूपही त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले. अशा गोष्टी जाहीर केल्याने चोरांचेच फावेल, असा आक्षेप आला. हॉब्जच्या मते चोरांना त्या आधीच ठाऊक असतात. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा.

१८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या धंद्यात अपयश पचवून लालबागला कुलपे करायला घेतली, ती मुंबईतील घरफोड्यांची बातमी वाचून, असे सांगितले जाते. त्यांच्या कंपनीचे ‘नवताल’ पुढे मराठी घरांतही परिचित झाले; त्यातला ‘ताल’ संस्कृत ‘तालक’चा, आपल्या ‘टाळ्या’चा सगा. ‘चावी’ मात्र पोर्तुगीजांकडून आली.