निर्धोक निद्रेचे औषध

१९०३ मध्ये निद्रानाशावर बार्बिटाल हे औषध आले; पण मात्रा फार वाढली की रोग्याची ती अखेरचीच झोप ठरे. म्हणूनच १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीस आले, तेव्हा डॉक्टरांना हायसे वाटले. अतिमात्रेनेही उंदीर मरत नव्हते! वृद्धांना ते दिले गेले, चळवळ्या बालकांना पातळ करून पाजले गेले, गरोदर स्त्रियांनीही घेतले. उदरातील जिवाचा विचार मात्र कोणी केला नव्हता. आखूड हातापायांची मुले जन्मू लागली. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्त्स यांनी मातांकडे कसून चौकशी केली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये धोक्याची सूचना दिली. त्याच महिन्यात जर्मनीतील विक्री थांबली. जगभर सुमारे १०,००० मुले बाधित झाली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या महिला अधिकाऱ्याने पुरावा अपुरा म्हणून विक्रीची परवानगी अडवूनच धरली होती.