कपडेपटात न सापडलेले लुगडे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादिकाबाईंची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. कविता करणाऱ्या आणि पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत; मजपाशी त्यांपैकी एकही कला नाही. परंतु यंदाच्या देखाव्यांचे कपडे भाड्याने आणण्याचे काम माझ्याकडे आले होते, आणि त्या कामात जे दिसले ते आपल्या गावच्या इतिहासाशी इतके निगडित निघाले की, ते सर्व भगिनींपुढे ठेवावेसे वाटले.

देखाव्यांचा विषय होता, आपल्या भागातील स्त्री. पहिला देखावा पाचाडच्या वाड्यातील जिजाबाईंचा. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडास त्या माउलीने देह ठेवला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुसरा देखावा पोलादपुराजवळच्या उमरठचा. तानाजी मालुसऱ्यांच्या घरी लग्नाची तयारी चालली आहे, असा. तिसरा १९२७ सालच्या महाडच्या परिषदेला आलेल्या स्त्रियांचा, आणि शेवटचा आजच्या बचत गटाचा. शेवटच्याचे कपडे घरचेच होते. बाकी तिन्हींसाठी मी आणि आमच्या शेजारच्या वहिनी पहाटेच्या एस.टी.ने मुंबईस गेलो.

नाटकाचे कपडे भाड्याने देणारे ते दुकान एका जुन्या चाळीच्या माडीवर होते. जिना अरुंद. वर पाऊल टाकताच वहिनी "अगं बाई!" म्हणून दोन पायऱ्या मागे सरल्या. दारातच भिंतीला रावणाची नऊ तोंडे एका फळीवर ओळीने लावलेली होती. दहावे तोंड नटाचे स्वतःचे, हे नंतर कळले. आढ्याला मारुतीच्या लहानमोठ्या गदा भोपळ्यांसारख्या टांगल्या होत्या. खुंट्यांवर मुकुट मापाप्रमाणे लावलेले, बालवाडीच्या कृष्णापासून थोराड कंसापर्यंत. दाढ्यामिशा बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या, आणि डब्यांवर चिठ्ठ्या: "ऋषी", "मोगल", "मावळे". एका कोपऱ्यात कापडी घोडा भिंतीकडे तोंड करून उभा होता, जणू मास्तरांनी शिक्षा केली आहे.

दुकानाचे मालक वयाने मोठे आणि बोलायला गोड. आम्ही महाडच्या म्हणताच ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून एक मळकट हिरवे गाठोडे खाली काढले. उलगडून पाहतो तो कापडाची घोरपड!

"तुमच्याकडचीच ही, ताई," ते म्हणाले. "सिंहगडाचं नाटक आलं की हिच्यावाचून अडतं बघा."

कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, हा इतिहास. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही मागाहून रंगलेली कथा. पण कथेलाही कपडेपट लागतोच.

कपडेपट हा शब्द आता मागे पडला. नाटक मंडळ्यांच्या काळी तो मोठा शब्द होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले आणि तेथून पुढे गावोगाव हिंडणाऱ्या मंडळ्यांच्या बिऱ्हाडात कपड्यांच्या पेट्या हा जपून ठेवण्याचा ऐवज झाला. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांचे शालू, त्यांचा पदर घेण्याचा डौल, केसांतील फुले, हे सारे पाहून शहरांतील बायका तशा नटू लागल्या. रंगभूमीवर स्त्रीने यावयाचे नाही अशा त्या काळात, बाईने लुगडे कसे नेसावे याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला! पुढे १९३१ साली बोलपट आले आणि एकेक करून मंडळ्या बसल्या. पण शाळांची संमेलने, गणेशोत्सवातील नाटके, गावच्या जत्रा थांबल्या नाहीत, त्यामुळे भाड्याचे कपडे देणारी दुकाने टिकली. भुलेश्वरातील मगनलाल ड्रेसवाला यांचा धंदा १९२६ सालापासूनचा म्हणतात.

आमचा पहिला देखावा अर्ध्या तासात पुरा झाला. जिजाबाईंसाठी मालकांनी जांभळा काठपदर पुढे टाकला. त्याच्या आतल्या बाजूस तीन चिठ्ठ्या शिवलेल्या होत्या: जिजाबाई, सोयराबाई, झाशीची राणी.

"एकच लुगडे तिघींना?" वहिनींनी विचारले.

"ताई, कमरेला तलवार लावली की झाशी. लहान मुलगा शेजारी उभा केला की जिजाबाई. लोक बरोबर ओळखतात."

आम्ही हसलो. उमरठच्या लग्नघरासाठीही हिरवी, लाल, जरीकाठी लुगडी मिळाली. कापड नायलॉनचे, जर प्लास्टिकची. पण दिव्याच्या उजेडात शोभणारी. मग मी तिसऱ्या देखाव्याचे सांगितले. १९२७ साल, कष्टकरी घरच्या बायका, नऊवारी जाडीभरडी लुगडी, काही आखूड नेसलेली, काही घोट्यापर्यंत. जुनी, ठिगळाची, पण स्वच्छ धुतलेली.

मालक विचारात पडले. त्यांनी "कोळीण" काढून दाखवली, "शेतकरीण" दाखवली. शेतकरणीच्या लुगड्याला टिकल्या लावलेल्या होत्या. टिकल्या लावून कोणती बाई भात लावते? मी म्हटले, "भाऊ, ठिगळाचे साधे लुगडे नाही का?"

"आहे ना!" म्हणून त्यांनी उत्साहाने एक लुगडे आणले. त्याला लाल, पिवळी, निळी चौकोनी ठिगळे मशीनने टाचलेली. आतील चिठ्ठीवर लिहिले होते, "भिकारीण".

मी ते हातात घेतले आणि परत ठेवले. मालकांचा यात काही दोष नाही. जे मागितले जाते तेच दुकानात असते, आणि साध्या कष्टकरी बाईचे लुगडे मागायला त्यांच्याकडे कोणी येत नाही. पण त्या माडीवर राण्या होत्या, अप्सरा होत्या, राक्षसिणी होत्या. आमच्या आज्या-पणज्यांना मात्र जागा होती ती भिकारणीच्या चिठ्ठीखाली. परतीच्या वाटेवर वहिनी आणि मी फारसे बोललो नाही.

ते लुगडे का नको होते, हे तरुण भगिनींसाठी थोडे विस्ताराने सांगते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरच्या २५ तारखेस येथे दुसरी परिषद भरली व मनुस्मृतीचे दहन झाले. हे पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसते ते असे की, त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि त्यांच्याशी ते लुगड्यांविषयी व दागिन्यांविषयी बोलले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता: तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा, गळाभर घातलेल्या गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे वा चांदीचे गोट, या साऱ्यांवरून लोक तुम्हांला दुरून अस्पृश्य म्हणून ओळखतात, ही ओळख टाकून द्या. इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा. लुगडे फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ असू द्या. काय नेसावे हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही. मुलींना शिकवा, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले.

आखूड नेसणे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडच्या आषाढातील चिखलात गुडघ्यावर खोचलेले लुगडेच सोयीचे, आणि लावणीला उतरणाऱ्या सगळ्याच बायका तसे नेसत आल्या. पण लावणी आटोपून बाजारात येतानाही एखाद्या बाईने ते घोट्यापर्यंत सोडता कामा नये, अशी रूढी असली म्हणजे ती सोय राहत नाही, तो शिक्का होतो. असे शिक्के आपल्याच भागात होते असे नाही. दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना अंगावर वस्त्र घेण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले आणि १८५९ साली जाहीरनामा निघाला तेव्हा त्यांना ती मुभा मिळाली. तीही वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेता येणार नाही, या अटीवर.

महाडात जाहीरनाम्याची वाट पाहिली गेली नाही. घरी परतण्यापूर्वीच कित्येक जणींनी लुगडी घोट्यापर्यंत सोडली. ती कशी नेसावीत हे दाखवण्यास अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस या, परिषदेच्या कामात पुढे असलेल्या गृहस्थांच्या घरच्या स्त्रिया धावून आल्या, अशी नोंद आहे. एका बाईने दुसऱ्या बाईच्या निऱ्या धरल्या, एवढीच ती गोष्ट. पण त्या काळी एकमेकींच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या समाजात ती केवढी मोठी होती, याचा विचार व्हावा. तळ्याच्या पाण्याचा दावा न्यायालयात चालून उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. लुगड्याचा निकाल मात्र बायकांनी तिथल्या तिथे लावून टाकला.

तेव्हा भिकारणीचे लुगडे नेसवून आम्ही त्यांना व्यासपीठावर कशा उभ्या करणार?

मंडळाच्या सभेत मी सर्व हकीकत सांगितली. कोणी म्हणाल्या, घरोघर जुनी लुगडी शोधू. शोधली. कोणाकडेही निघाले नाही, आणि विचार केला तर त्यात नवल नाही. शालू पेटीत राहतो, कारण तो वर्षातून एकदा नेसायचा. रोजच्या लुगड्याला तेवढे आयुष्य नसते. ते विरले की त्याची झबली, दुपटी होतात. मग फडकी, मग दिव्याच्या वाती, शेवटी पोतेरे. थोडे धड उरले तर बोहारीण भांडे देऊन घेऊन जाते. युद्धाच्या दिवसांत, १९४३ नंतर कापडावर नियंत्रण आले, तेव्हा तर चिंधीचिंधी जपून वापरली गेली. एवढ्यातूनही जे माळ्यावर, ट्रंकेत उरले असेल त्याचे २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झाले, हे मी महाडकरांना काय सांगावे? पाणी ओसरल्यावर ट्रंका उघडल्या तेव्हा शालू आणि चादर यांतला भेद चिखलाने ठेवला नव्हता. माझ्या सासूबाईंचे लग्नातले लुगडे मी त्या वेळी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या ढिगावर टाकले.

सभा संपत आली तेव्हा मागे बसलेल्या एक सभासद भगिनी उठल्या. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "आमच्या घरी आजीची गोधडी आहे. पोरांच्या पांघरुणाला म्हणून माडीवर होती, तेवढी वाचली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली. वरचे अस्तर अलीकडचे, छापील. एका कडेची शिवण उसवली होती, तेथून आतले पदर दिसत होते. तिसरा पदर विटकरी रंगाचा, जाड सुताचा, काठ बोटभर रुंदीचा. "ही आजीच्या लुगड्याची घडी," त्या म्हणाल्या. त्यांच्या आजी १९२७ च्या त्या सभेला आईबरोबर गेल्या होत्या. पुढे लग्न होऊन सासरी गेल्यावर आजींनी नेहमी घोट्याखालीच लुगडे नेसले. सासरच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, बोलणी बसली, तरी त्यांनी ते वर घेतले नाही. गोधडीतले लुगडे त्या दिवसाचेच, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते आजींचे होते, एवढे मात्र नक्की.

लुगड्यावर एक ठिगळ होते. ते त्याच रंगाच्या दोऱ्याने, इतक्या बारीक टाक्यांनी लावले होते की, बोट फिरवल्याखेरीज कळत नव्हते. मला त्या दुकानातील लाल-पिवळ्या चौकोनांची आठवण झाली. ठिगळ लपावे म्हणून बाई रात्री चिमणीच्या उजेडात किती वेळ बसली असेल! नाटकवाल्यांना ते दिसावे असे वाटते, आणि जिचे असते तिला ते दिसू नये असे वाटते.

गोधडी उसवून लुगडे काढावे, अशी एक सूचना आली. ती आम्ही मान्य केली नाही. तिसऱ्या देखाव्यातील सहा जणी साधी सुती नऊवारी नेसल्या, तीनदा धुऊन मऊ केलेली. ठिगळे त्या भगिनींनीच शिवून दिली. गोधडी व्यासपीठाच्या पुढे लाकडी घोडीवर पसरून ठेवली होती. कार्यक्रम संपल्यावर जिजाबाईंच्या मुकुटाशेजारी फोटो काढून घेण्यास मुलींची गर्दी झाली, ते साहजिकच होते. पण पाचसहा वृद्ध बायका गोधडीपाशी उभ्या राहून उसवलेल्या शिवणीतून एकेक पदर ओळखत होत्या: हे इरकली, हे मिलचे, हे कंट्रोलचे.

मंडळाच्या कार्यालयातील एक कपाट कार्यकारिणीने या कामासाठी मोकळे करून दिले आहे. तरी सर्व भगिनींना विनंती की, घरात जुने लुगडे, खणाची चोळी, दुपटे, गोधडी, अगदी नुसता काठ जरी असला, तरी तो बोहारणीला देण्यापूर्वी आम्हांला दाखवावा. वस्तू द्यावीच असा आग्रह नाही. कोणाचे, कोणत्या गावचे, ती बाई कोणते काम करीत असे, एवढे सांगितले तरी आम्ही ते वहीत लिहून घेऊ. पहिल्या पानावर गोधडीची नोंद झाली आहे. कपाट वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा पाण्याची भीती नाही.