उतरताना छोट्या विमानाचं इंजिन का दम सोडतं?

टाकीत इंधन असतं, यंत्रात बिघाड नसतो. तरी धावपट्टी समोर दिसत असताना छोट्या विमानाचं इंजिन कधी कधी दम सोडतं. यामागं बरेचदा कार्ब्युरेटरमध्ये साचलेला बर्फ असतो.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, इंधनाची वाफ होते आणि आतलं तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. हवेतलं बाष्प तिथंच गोठतं. त्यामुळं बाहेर २०-२५ अंश असले तरी दमट हवेत बर्फ धरतो. बेळगाव-गोव्याकडची पावसाळी हवा अशीच.

उतरताना थ्रॉटल जवळपास बंद असतो. झडपेच्या फटीत थोडा बर्फही वाट अडवतो. इंजिन आधीच संथ, म्हणून ताकद गेल्याचं कळत नाही. पुन्हा वर जायला थ्रॉटल दिला की कळतं, पण तोवर हाताशी उंची उरलेली नसते.

उपाय साधा: थ्रॉटल कमी करण्याआधीच 'कार्ब हीट' पूर्ण चालू करायची. एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत येते. बर्फ वितळताना इंजिन थोडा वेळ जास्तच खडखडतं. तेव्हा घाबरून ती बंद करायची नाही. बर्फ वितळला की इंजिन सुरळीत होतं.

इंजिन बंदच पडलं, तर आधी नाक खाली, वेग कायम.