तिसऱ्या वर्षाचे दार : कम्युनिटी कॉलेजातून बर्कलीच्या व्यवसाय-शिक्षणापर्यंत

१/ अमेरिकेत पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षी नामांकित विद्यापीठात प्रवेश घेता येतो. या वाटेला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. सामान्य घरातील मुलांना मिळालेली दुसरी संधी, अशी तिची ख्याती आहे. मात्र ही वाट आखली जाताना विद्यापीठांच्या मनात आणखी एक हेतू होता. त्या दुहेरी हेतूचा हा इतिहास.

२/ १८९२ साली शिकागो विद्यापीठाचे दरवाजे उघडले. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या मते पदवीची पहिली दोन वर्षे म्हणजे शालेय शिक्षणाचाच विस्तार. खरे विद्यापीठ तिसऱ्या वर्षापासून सुरू व्हावे. त्यांनी अभ्यासक्रमाचे दोन भाग केले. पुढे त्यांना ‘ज्युनिअर’ आणि ‘सीनिअर’ कॉलेज ही नावे मिळाली. आरंभीची दोन वर्षे इतर संस्थांनी सांभाळली, तर विद्यापीठ संशोधनाला मोकळे होईल, हा त्यामागचा विचार होता.

३/ १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हार्पर यांच्या प्रेरणेने असा वर्ग सुरू केला. विद्यार्थी होते अवघे ६. (आपल्या अकरावी-बारावीच्या ‘ज्युनिअर कॉलेज’शी याची गल्लत करू नये. ही पदवीचीच पहिली दोन वर्षे होत.)

४/ कल्पना खरी रुजली कॅलिफोर्नियात. सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या प्रयत्नांतून १९०७ साली तेथे हायस्कुलांना हे शिक्षण देण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९१० मध्ये शेतीप्रधान फ्रेस्नोने तिचा लाभ घेतला. बर्कलीपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना घर न सोडता महाविद्यालय मिळाले.

५/ तोवर बर्कलीत व्यवसाय-शिक्षणही आले होते. चांदीच्या खाणींतून श्रीमंत झालेल्या जेम्स फ्लड यांची कन्या कोरा जेन फ्लड यांच्या देणगीतून १८९८ साली तेथे ‘कॉलेज ऑफ कॉमर्स’ स्थापन झाले. आजचे हास स्कूल ऑफ बिझनेस ते हेच.

६/ दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९४४ च्या ‘जीआय बिल’मुळे परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळाली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने विनाशुल्क सार्वजनिक महाविद्यालयांचे जाळे सुचवले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले.

७/ निर्णायक वर्ष १९६०. क्लार्क कर यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाचा ‘मास्टर प्लॅन’ आला. हायस्कुलातील वरच्या १२.५ टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांना ज्युनिअर कॉलेज, अशी ही तीन पायऱ्यांची रचना होती.

८/ या योजनेने विद्यापीठाचे दार पूर्वीपेक्षा अरुंद केले, पण त्याच वेळी तिसऱ्या वर्षाला एक दार ठेवले. पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्के आणि पुढील दोन वर्षांचे ६० टक्के, असे प्रमाण ठरले. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी जागा निघाली ती या गणितातून.

९/ त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचे स्वप्न घेऊन आलेल्या अनेकांना चाचण्या आणि समुपदेशन यांतून हळूहळू ‘वास्तववादी’ पर्यायाकडे वळवले जाते, हा त्यांचा निष्कर्ष. उघडपणे कोणालाच नकार मिळत नाही. म्हणून नकाराचा दोष विद्यार्थी स्वतःकडेच घेतो.

१०/ बर्कलीच्या व्यवसाय-शिक्षणात हे तिसऱ्या वर्षाचे दार विशेष स्पष्ट दिसते. तेथे दीर्घकाळ प्रवेशच तिसऱ्या वर्षी होत असे. बर्कलीच्याच विद्यार्थ्यालाही पहिली दोन वर्षे संपवताना स्वतंत्र अर्ज करावा लागे. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्याला कलनशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि लेखन हे विषय आधीच पूर्ण करावे लागतात. तेही विद्यापीठाने समतुल्य मानलेले. एक विषय चुकला, तर वर्ष हातचे जाऊ शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची काही आवारे ठरावीक अटी पाळणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात. बर्कली देत नाही.

११/ २०२४ पासून हासने चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि थेट पहिल्या वर्षात विद्यार्थी घेतले. ट्रान्सफरची वाट बंद झालेली नाही. पण आता तिसऱ्या वर्षी येणाऱ्याला दोन वर्षे आधीच व्यवसाय शाखेत रुळलेल्या सहाध्यायांमध्ये आपली जागा शोधावी लागते.

१२/ हार्पर यांना विद्यापीठावरचा भार कमी करायचा होता. फ्रेस्नोच्या पालकांना मुले शिकवायची होती. एकाच व्यवस्थेने दोघांनाही आशा दाखवली. म्हणूनच तिचे मूल्यमापन करताना किती जणांना आत घेतले एवढेच पाहून भागत नाही. त्या दोन वर्षांत किती जण वाटेतच थांबले आणि त्यांना तेथवर योग्य मार्गदर्शन मिळाले होते का, हेही विचारले पाहिजे.