सुश्रुताचे ‘तरुण’ अस्थि

यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ साली प्रसिद्ध केली. तिच्या शारीरस्थानात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे ५ प्रकार सांगितले आहेत. नाक, कान, मान व नेत्रकोश येथील अस्थि ते ‘तरुण’. त्यांतील बहुतेकांना आज आपण कूर्चा म्हणतो.

लांब हाडे वाढतात ती टोकांजवळील काचाभ कूर्चेच्या पट्टीत. यावरून, कूर्चा हे हाडाचे बालरूप होय हे सुश्रुतास ज्ञात होते, असे अनुमान करण्याचा मोह होतो. आमच्या मते त्यास आधार नाही. कानाची कूर्चा स्थितिस्थापक जातीची असून ती जन्मभर कूर्चाच राहते. शिवाय निदानस्थानात, आघाताने तरुणास्थि वाकतात व नलके मोडतात, असा भेद केलेला आहे. अर्थात ‘तरुण’ म्हणजे कोवळे, लवचीक, वाढणारे नव्हे.

वाढीचे स्थान प्रयोगाने दाखविले ते स्टीफन हेल्स याने. त्याच्या १७२७ च्या ग्रंथात तो प्रयोग आहे. कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडास त्याने दोन छिद्रे पाडली. हाड लांबले, पण छिद्रांतील अंतर वाढले नाही. सुश्रुताचे श्रेय सूक्ष्म निरीक्षणाचे आहे. त्यावर हा शोध लादण्याचे कारण नाही.