मुद्रा: मिटलेली आणि उमटलेली

सारनाथच्या संग्रहालयातला, १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेला पाचव्या शतकातला बुद्ध धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत बसला आहे, असे आपण म्हणतो. इथे मुद्रा म्हणजे छातीशी जुळलेली बोटे. पण त्याच मूर्तीची ‘शांत मुद्रा’ म्हणताना मराठी माणसाची नजर तोंडावर असते. हा शब्द हातावरून चेहऱ्यावर कसा चढला असावा?

तांत्रिक परंपरा ‘मुद्’ म्हणजे आनंदणे या धातूकडे जाते: देवांना मोद देते ती मुद्रा. फोड गोड आहे, पण मागाहून बसवलेली दिसते. जुना अर्थ ठशाचा. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’तले कारस्थान शिक्क्याच्या अंगठीवरच उभे आहे. फारसीतली ‘मुह्र’, म्हणजे आपली मोहोर, हिची सख्खी बहीण असावी. ‘क्षत्र’चे तिकडे ‘शहर’ झाले, ‘मित्र’चे ‘मिह्र’, त्याच चालीचा हा ‘ह’. इजिप्तला जुन्या फारसीत ‘मुद्राय’ म्हणत. शिक्का तिकडून आला म्हणून हे नाव, असाही एक तर्क आहे. मला तो मोहक वाटतो, पक्का नाही. आंब्याचा मोहोर मात्र या कुळातला नव्हे. तो ‘मुकुल’कडचा दिसतो. उलट भाताची मूद याच घरची असावी: वाटीचा ठसा घेतलेला भात!

शिक्का दोन कामे करतो: लखोटा बंद करतो आणि धन्याची खूण वर उमटवतो. संस्कृतात ‘मुद्रित’ म्हणजे मिटलेलेही. मिटलेले डोळे मुद्रित, मिटलेले कमळ मुद्रित. मराठीत छापलेले तेवढेच उरले.

सारनाथच्या शिल्पकाराने हे दोन्ही अर्थ चुनारच्या वालुकाश्मात एकत्र आणले, असे मला वाटते. मथुरेच्या मूर्तींवर चुण्यांच्या दोऱ्या असतात. इथे चीवर इतके अंगासरशी की काठ दिसला तरच कळते. बघणाऱ्याला अडकायला चुणी नाही, म्हणून तो थेट तोंडाशी पोचतो. वरच्या पापण्या जड होऊन खाली आलेल्या, खालचा ओठ भरलेला, कोपऱ्यांत हसू आहे म्हणावे इतकेच. मन आत मिटले आहे आणि त्याचा ठसा चेहऱ्यावर उठला आहे. मुखमुद्रेला याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

जाता जाता ‘चर्या’ही तपासावी. संस्कृतात ती वागणूक. बौद्धांची बोधिचर्या तीच. मराठीत मात्र ती तोंडावर आली आणि उतरूही लागली. फारसी ‘चेहरा’ कानाशी घोळत होता, त्याच्या संगतीचा हा परिणाम असावा.